आमच्या घराचं पोट

आमच्या घराचं आरसी बुक आहे. गंमत नाही. पेनसिल्व्हेनियात मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून गाडीने ओढत आणलेलं घर, विकत घेतलं की मालकीचा कागद राज्याच्या परिवहन खात्याकडून येतो, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओकडून. त्यावर माझं नाव, बनवल्याचं वर्ष १९८३ आणि गाडीला असतो तसा व्हीआयएन नंबर. २०२० च्या ऑगस्टमध्ये हे सगळं मी देवरुखला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग एकच विचारलंन, "जोतं केवढं आहे गो?"

जोतं नाही, म्हटलं. खाली दोन लांब लोखंडी गर्डर, ते सिमेंटच्या ठोकळ्यांच्या खांबांवर, आणि जमीन नि घर यांच्यात अडीच फूट पोकळी.

"मग खालनं वारा?"

"झालर असते भोवती. प्लास्टिकची."

"बरं," म्हणाली. तिच्या 'बरं'चे सात प्रकार मला ठाऊक आहेत. हा सगळ्यात वाईट.

मी बेलफाँटच्या बाहेर राहते. मधल्या पेनसिल्व्हेनियातलं चुनखडीच्या खाणींचं जुनं गाव. इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, बहुतेक रात्रपाळी. घटस्फोटानंतर हातात जे पैसे उरले त्यात कर्ज न काढता मिळण्यासारखं हे एकच घर होतं. घर माझं, जमीन पार्कची, म्हणजे अशी घरं ओळीने उभी असतात त्या वसाहतीची. तिचं महिन्याचं भाडं ४८५ डॉलर. कसेल त्याची जमीन हा कायदा इथे नाही, हे मी कोकणातल्या माणसांना मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतात. गणपतीला मंडळात एका बाईंनी "अय्या, ट्रेलरमध्ये?" असं विचारलं होतं. त्यांच्या घराला चार बाथरूम आहेत. मी त्यांना आरसी बुकची गोष्ट सांगितली नाही.

पण घराची ओळख करून देते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. कागदावर ते १४ बाय ७०. प्रत्यक्षात लांबी ६६ फूट, कारण गाडीला जोडायचा चार फुटांचा दांडा लांबीत धरून विकायची इथे पद्धत आहे. (दांडा केव्हाच काढून घराखाली सरकवलेला आहे. मापात मात्र तो अजून आहे.) बाहेर मागच्या कोपऱ्यात एक लाल धातूची पट्टी ठोकलेली आहे. १५ जून १९७६ पासून अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या अशा घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचे नियम लागू झाले, त्याचा हा शिक्का. त्याआधीची घरं कुणी कशीही बांधली. आमचं त्यानंतरचं, म्हणून मी घेताना निर्धास्त होते. पण १९८३ चे नियम १९८३ च्या मानाने. उष्णतेचे नियम कडक झाले ते १९९४ मध्ये. शिक्का असला म्हणजे ऊब असतेच असं नाही, हे पहिल्या डिसेंबरातच कळलं.

घर तापवायला भट्टी आहे, आणि ती रॉकेलवर चालते. हो, रॉकेल. साधं हीटिंग ऑइल स्वस्त पडतं, पण टाकी बाहेर उघड्यावर असली की कडाक्याच्या थंडीत ते गोठल्यासारखं दाट होतं आणि नळीत अडकतं. म्हणून मोबाइल होमवाले रॉकेल भरतात. लहानपणी मी रेशनच्या दुकानासमोर डबा घेऊन उभी राहिले आहे. तीस वर्षांनी अमेरिकेत येऊन परत रॉकेलवर आले. फरक इतकाच की आता टँकर दारात येतो आणि बिल बघून घाम मला फुटतो.

पहिल्या हिवाळ्यात ६०० गॅलन लागलं. तरी आम्ही दोघं घरात कानटोप्या घालून वावरत होतो. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. ऑनलाइन शाळा चाललेली, आणि तो कॅमेऱ्यापुढे रजई पांघरून बसायचा.

दोष कुणाचा हे उघड दिसत होतं, खिडक्यांचा. एकेरी काच, अॅल्युमिनियमची चौकट, आतून क्लिपांनी बसवलेली आणखी एक सुटी काच. अॅल्युमिनियममधून उष्णता कशी धावते हे आपल्याला पातेल्यावरून माहीत आहे. बाहेर शून्याखाली पारा, आत कुकरच्या तीन शिट्ट्या, की स्वयंपाकघरातली खिडकी ठार आंधळी. आधी वाफ, मग ओघळ, सकाळी चौकटीच्या आतल्या बाजूला बर्फाची कड. खालच्या फळीवर काळी बुरशी. मी भात कमी वेळा लावायला लागले. खिडकीसाठी भात कमी करणं ही काय वेळ, असंही मनात यायचं.

त्या वर्षी खिडक्यांवर प्लास्टिक ताणलं. इथे दुकानात त्याचं पाकीट मिळतं. चौकटीला दुहेरी चिकटपट्टी लावायची, वर पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि हेअर ड्रायरने गरम हवा मारायची. पापुद्रा आक्रसून डफासारखा ताठ होतो. पैशाच्या मानाने फार चांगली गोष्ट आहे. पण वारा सुटला की तो आतबाहेर श्वास घ्यायचा, आणि रात्रपाळीहून येऊन मी झोपले की त्या आवाजाने मला लहानपणचं आगोटीनंतरचं घर आठवायचं. पडवीला झापं बांधलेली आणि ती वाऱ्यावर वाजतायत. तिकडे ते आवडायचं.

खिडक्या बदलायच्या ठरल्या. मी मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, मापं दिली, विक्रेत्याने मान हलवली आणि एक खिडकी नमुन्याला म्हणून घेऊन आले. ती भिंतीपेक्षा जाड निघाली. नेहमीच्या घराची भिंत आतल्या फळ्या धरून साडेचार इंचांच्या वर असते, खिडकीची खोली त्या हिशेबाने. आमची भिंत त्याहून सडपातळ. खिडकी लावली असती तर आत कपाटासारखी पुढे आली असती. परत करताना दुकानाने पंधरा टक्के कापून घेतले, ते वेगळंच.

समोरच्या घरातले आजोबा हे सगळं पायरीवर बसून बघत होते. सगळी नोकरी चुन्याच्या खाणीत झाली, आता निवृत्त. त्यांचं स्वतःचं मोबाइल होम १९७० च्या दशकातलं आहे, आणि त्याचा एकेक स्क्रू त्यांनी हाताने बदललेला आहे. त्यांनी सांगितलं की या घरांच्या खिडक्या वेगळ्या. त्यांची दुकानं वेगळी, मापं वेगळी, आणि त्या बसतात बाहेरून. चौकटीला सपाट पट्टी असते, ती थेट बाहेरच्या पत्र्यावर टेकते आणि भोवती स्क्रू मारायचे. "आधी जुनी काढून भोक मोज. काचेचं माप घेऊ नकोस, खिडकी खोटं बोलते." मी म्हटलं, भोक मोजायला खिडकी काढली तर नवी येईपर्यंत काय? त्यांनी दाखवलं. आतली सजावटीची पट्टी काढली की भोकाची कड दिसते. आडवं तीन ठिकाणी मोजायचं, उभं तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान आकडा लिहायचा.

मी लॅबमध्ये दिवसभर मायक्रोलिटरमध्ये मोजते. तरीही दहापैकी एक माप चुकवलं. त्याचं पुढे सांगते.

नव्या खिडक्या विनाइलच्या, दुहेरी काच, मध्ये आर्गॉन वायू, एका काचेवर उष्णता परतवणारा अदृश्य थर. खिडकीवर लेबल असतं, त्यावर 'यू' आकडा बघायचा, खिडकीतून उष्णता किती निसटते त्याचा. जितका लहान तितकं बरं. माझ्यांचा ०.३०. अॅल्युमिनियमच्या चौकटीतल्या एकेरी काचेचा एकच्या वर जातो. आतली सुटी काच धरून माझ्या जुन्यांचा ०.७ च्या आसपास असेल. एकेक सरासरी २३५ डॉलरला पडली.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ चे पाच शनिवार. आजोबा बाहेर, मी स्टुलावर, मुलगा आत. भोवतीचे षट्कोनी डोक्याचे स्क्रू काढायचे. अर्धे निमूट निघतात, अर्धे गंजून फिरतच राहतात, ते कापायचे. मग पुट्टीची पात घालून पट्टी हळूहळू उचकटायची. खालचा सांधा भरायचा मसाला अडतीस वर्षांत वाळून दगड झालेला. तो खरवडणं हेच खरं काम. खिडकी बसवायला वीस मिनिटं लागतात, खरवडायला दोन तास. पत्रा आरशासारखा साफ झाला पाहिजे, कारण नव्या पट्टीच्या मागे ब्यूटाइलची चिकट फीत लावतात. ती च्युइंगमसारखी मऊ असते आणि कचरा दिसला की त्यालाच चिकटते. स्क्रू आवळताना शेवटचा पीळ हाताने. मशीनने खच्चून आवळलं तर चौकट वाकते आणि खिडकी सरकत नाही. पहिली मी मशीनने आवळली. दिवाणखान्यातली ती खिडकी उघडताना आजही शिवी द्यावी लागते.

पहिली खिडकी निघाली तेव्हा मी भोकाच्या कडेला हात लावून बघितला. अडतीस वर्षं कुणी न पाहिलेला भिंतीचा छेद. आत पाव इंचाहून पातळ लाकडी नक्षीचं पॅनेल, मग साडेतीन इंच पिवळट काचलोकर, मग बिस्किटांच्या डब्याला असतो तेवढा पत्रा. संपलं. जानेवारीतल्या रात्री आणि माझ्या उशीत एवढंच होतं. लोकर मात्र भिंतीत कोरडी आणि जागेवर होती. आजोबा म्हणाले, भिंती ठीक आहेत, नशीब समज. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं लाकूड पोह्यासारखं हातात आलं, अर्थातच कुकर. तिथे नवा तुकडा जोडला.

नऊ खिडक्या बसल्या. दहावी बाथरूमची. ती १४ बाय २७ इंचांची हवी होती आणि मी २७ बाय १४ लिहून पाठवलं होतं. रुंदी आधी लिहायची असते. उभीच्या जागी आडवी आली. मापावर मागवलेली, परत घेत नाहीत.

घर गप्प झालं, हा पहिला फरक. रस्त्यावरच्या चुन्याच्या ट्रकांचा आवाज गेला. कुकरच्या शिट्टीने काच आंधळी होईना. मुलगा खिडकीला पाठ लावून बसायला लागला. मी सगळ्यांना फोटो पाठवले. मंडळातल्या त्या बाईंनासुद्धा.

आणि त्या हिवाळ्यात रॉकेल लागलं ५४५ गॅलन. पंचावन्न गॅलनचा फरक, बस्स. मला वाटलं होतं निम्मं होईल. पाय तर पूर्वीइतकेच गार. लोकरीचे मोजे, वर स्लीपर, तरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहिलं की पोटऱ्यांपर्यंत थंडी चढायची. मी स्वतःला सांगत होते की सवय होईल.

२०२२ च्या नाताळाआधी ती थंडीची लाट आली. अमेरिकेत त्या वेळी असलेल्यांना आठवत असेल. सकाळपर्यंत चाळीसच्या आसपास असलेला पारा काही तासांत एक आकडी झाला, फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सेल्सियसचा उणे तेरा-चौदा, आणि वर सोसाट्याचा वारा. मी कामावर होते. मुलाचा फोन आला, "आई, नळाला पाणी नाही."

घरी पोचले तेव्हा आजोबांनी झालरीचा एक तुकडा काढला होता आणि त्यांचे फक्त बूट बाहेर दिसत होते. पाइपांना गुंडाळलेली गरम होणारी वायर असते, हीट टेप, ती केव्हाची मेलेली होती. आजोबांनी ती उचकटून माझ्या हातात दिली. आधीच्या मालकाने ती स्वतःवरच दोन वेढे देऊन गुंडाळली होती आणि तिथे ती करपून तपकिरी झाली होती. एकावर एक वेढा आला की ती तापून पेटू शकते. म्हणजे पाणी गोठलं ते परवडलं. मग मी आडवी होऊन, कोपरांवर सरकत, हेअर ड्रायर घेऊन आत गेले. हा ड्रायर केसांना आजवर फार तर चार वेळा लागलाय.

तिथे, पाठीवर पडल्या पडल्या, टॉर्चच्या उजेडात मी आमच्या घराचं पोट पहिल्यांदा बघितलं. इथले लोकही त्याला पोटच म्हणतात, 'बेली'. जमिनीच्या फळ्यांखाली काचलोकरीची गोधडी आणि तिला धरून ठेवणारं काळं अस्तर. दोन्हींच्या वर, फळ्यांना लागून, भट्टीची गरम हवा नेणारा पत्र्याचा बोगदा, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कण्यासारखा. पाण्याचे पाइपही त्याच पोटात. कल्पना चांगली आहे. सगळं उबदार पोटात राहतं.

आमचं पोट फाटलेलं होतं. कुठल्या तरी काळी प्लंबरने कापलं आणि तसंच सोडलं असणार. अस्तर लक्तरांसारखं लोंबत होतं, लोकर भिजून खाली आलेली. ओली गोधडी पांघरून बघा एकदा. ऊब लोकरीत नसते, लोकरीने अडवलेल्या हवेत असते, आणि तिथे पाणी होतं. उंदरांनी त्यातच बाळंतपणं केलेली. आणि माझ्या गालावर गरम वारा येत होता. मला आधी वाटलं ड्रायरचा. ड्रायर बंद केला, तरी येत होता. जमिनीतल्या जाळीशी बोगदा जिथे जोडलेला असतो तो सांधा सुटून चार बोटं फट पडली होती. वर भट्टी चालू होती, गॅलनला सहा डॉलरच्या वर गेलेलं रॉकेल जळत होतं, आणि मी बेलफाँटच्या उंदरांना ऊब देत होते.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून हिशेब केला. सगळ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ मिळून ८० चौरस फूट. जमीन १४ गुणिले ६६, नऊशेच्या वर. यात कॅल्क्युलेटरही लागत नाही. दीड वर्षापूर्वी करता आला असता. पण खिडकी रोज डोळ्यांपुढे होती, तिच्यावर ओघळ दिसत होते. घराखाली कोण जातं? तोंडी पाठ केल्यासारखं आईचं वाक्य आठवलं, खालनं वारा.

वसंतात काम काढलं. सरकारची एक योजना आहे, १९७६ पासूनची, कमी उत्पन्नाच्या घरांना फुकट ऊबदार करून देते. मर्यादा दारिद्र्यरेषेच्या दुपटीची. माझा पगार तिच्या जरा वर जातो. म्हणून पैसे भरून एक ऊर्जा तपासनीस बोलावला. त्याने दारात लाल कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला लागला, दाब ५० पास्कलने कमी होईपर्यंत. मग घर जिथून जिथून फुटकं तिथून हवा आत येते. त्याच्या हातात धूर सोडणारी काडी. नव्या खिडक्यांपाशी धुराची रेघ सरळ उभी राहिली, मला आजोबांकडे बघून हसू आलं. सिंकच्या खालच्या कपाटात ती आडवी झाली. वॉशिंग मशीनच्या मागे आडवी. जमिनीतल्या प्रत्येक जाळीवर तर ती पिसाळली. फटींतून आत येणाऱ्या हवेचा आकडा आला मिनिटाला २३०० घनफूट.

त्याने क्रम लिहून दिला आणि तो मोडू नका म्हणाला. आधी पाण्याची गळती थांबवा, नाहीतर नवी लोकर पुन्हा भिजेल. मग बोगद्याचे सांधे. मग उघड्या मातीवर जाड प्लास्टिक, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. मग अस्तर, आणि शेवटी लोकर.

प्लंबर एक दिवस. सांधे आम्ही केले. यात एक विनोद आहे. इथे ज्या कापडी चिकटपट्टीला डक्ट टेप म्हणतात ती डक्टला, म्हणजे अशा बोगद्याला, लावायची नसते, उष्णतेने सुकून गळून पडते. लावायचा तो मॅस्टिक नावाचा करडा चिखल, सांध्यावर जाळीची फीत आणि वरून तो हाताने थापायचा, हातमोजे घालून. सारवणाची सवय असलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आजोबांनी माझा हात फिरताना बघितला आणि विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, शेण होतं ते.

बोगद्याच्या आतून मुलाने सेल्फी स्टिकला फोन लावून चित्रण केलं. पस्तीस-चाळीस वर्षांचा ऐवज निघाला. केसांच्या पिना, नाणी, क्रेयॉन आणि एक हिरवा प्लास्टिकचा डायनासोर. कुण्या पोराने जाळीतून टाकला असेल आणि मग रडला असेल. तो आता आमच्या स्वयंपाकघराच्या नव्या खिडकीत उभा आहे.

लोकर भरायला मात्र माणसं बोलावली. नवं अस्तर ठोकून झालं की त्यात भोक पाडून नळीने सुटी काचलोकर फुंकतात, पोट फुगून टम्म होईपर्यंत. कागदाच्या चुऱ्याचा पर्याय स्वस्त होता. तपासनीसच नको म्हणाला. कागद पाणी धरतो, जड होतो, आणि अस्तर परत फाटतं. दोन माणसांचं एका दिवसाचं काम, २६०० डॉलर. त्यातल्या फक्त मालाच्या किमतीवर तीस टक्के करसवलत मिळाली, मजुरीवर नाही. ती सवलतही २०२५ अखेर बंद झाली.

परत पंखा लावून मोजलं तर १३५०.

मला धास्ती होती की घर एवढं बंद केल्यावर भट्टीला हवा कुठून मिळणार. तपासनीसाने समजावलं की या घरांतली भट्टी जळायला लागणारी हवा बाहेरूनच घेते, नियमच तसा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही लावून घेतला. कुकरची वाफ आता खरंच घरात कोंडायला लागली होती, म्हणून चुलीवर वाफ घराबाहेर सोडणारा पंखा लावला. आधीचा वाफ ओढून तिथेच परत सोडायचा. असा पंखा बनवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात ४१० गॅलन लागलं आणि मी नाचले. मग बातमीत वाचलं की तो अमेरिकेचा नोंदींमधला सगळ्यात उबदार हिवाळा होता. म्हणून त्यावर विश्वास ठेवला नाही. २०२४-२५ चा बरा गार होता. ४३५ लागलं. आता विश्वास ठेवते.

त्याच डिसेंबरात आई आली. पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी लोकरीचे मोजे काढून ठेवले होते. दुपारी झोपून उठले तर ती स्वयंपाकघरात खाली बसकण मारून मेथी निवडत होती, अनवाणी, वर्तमानपत्र पसरून. मी ओरडणारच होते, मग थांबले. तिने हात जमिनीवर टेकवला, उलटा करून परत टेकवला. पोराला ताप आहे का बघतात तसा. काही बोलली नाही. जुडी संपवलीन.

संध्याकाळी वारा सुटला आणि छत वाजायला लागलं. आमचं छत कमानीसारखं वाकवलेल्या कैच्यांवर ताणलेला पत्रा आहे. वाऱ्याने तो उचलला जातो नि परत बसतो, गडगडतो. आत लोकर असेल-नसेल. ती भरायची तर पत्र्याची कड उचलून लांब नळी आत घालावी लागते, आणि काम बिघडलं तर गळती नशिबी. मी अजून हात लावलेला नाही. आई चहाचा कप हातात धरून वर बघत राहिली.

"वर कोण चाललाय?"

"वारा आहे."

तिने घरभर एक फेरी मारली. नऊ खिडक्या बघितल्या. बाथरूममध्ये जाऊन जुन्या खिडकीच्या चौकटीवरचं पाणी बोटाने पुसलंन, मग माझ्या पलंगाखाली वाकून ती आडवी नवी खिडकी बघितलीन, अजून स्टिकरसकट आहे ती. परत आली आणि खुर्चीवर बसली.

"मग शाकारणी कधी करतेस?"

"मे महिन्यात," मी म्हटलं. "आजोबांना विचारते."